नानांची खाट आणि पाचवा माणूस

मी जळगावात बांधकामाची अंदाजपत्रकं करतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट ऐकली की आधी तिचं माप विचारतो. धुळ्याजवळच्या आमच्या गावी काका, म्हणजे नाना, अर्धांगवायूने पडले, तेव्हा पंधरा दिवसांची रजा टाकून गेलो. तिथे ही सवय सगळ्यांना महागात पडली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय परत येण्याची आशा पहिल्या तीन महिन्यांतच जास्त असते. व्यायामासाठी धुळ्याला आणा. पण आमच्या बोळात गाडी शिरत नाही. खुर्चीत नानांचा तोल राहत नव्हता. उरली खाट. मोठ्या रस्त्यापर्यंत दोनशे दहा फूट, मधे एक गटार. दोन महिने होऊन गेले तरी नाना उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

"चार जन उचलतस ते एकच येळले," ते म्हणायचे. "मनी येळ आजून उनी नही."

चौघांच्या खांद्यावर जायची वेळ अजून आली नाही, असं त्यांचं अहिराणीतलं म्हणणं.

नानांचे हातपाय चोळायला शेजारच्या गल्लीतल्या अक्का यायच्या. निवृत्त नर्स, ख्रिस्ती, जिभेने तिखट. चोळता चोळता त्या येशूच्या पहिल्या शिष्यांच्या काळातल्या गोष्टी सांगत. एकदा त्यांनी मुद्दामच खाटेची गोष्ट काढली. एका लुळ्या माणसाला चौघं मित्र खाटेवर घालून येशूकडे नेतात. दारात गर्दी. मग ते धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर चढतात, धाबं उकरतात आणि खाट दोराने खाली सोडतात.

आमच्याकडे अजून मातीची धाबी आहेत, त्यामुळे मी लगेच वहीत हिशेब केला. सहा फूट बाय अडीच फूट, जाडी एक फूट. पंधरा घनफूट. "अक्का, ही पावणेसातशे किलो माती झाली. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर?"

"पडली असेल थोडी," अक्का म्हणाल्या. "कुणी मेल्याचं लिहिलेलं नाही."

"आनि ते धाबं कोनी लिपं?" नानांनी विचारलं.

अक्कांनी त्यांचा पाय जरा जोरातच दाबला आणि पुढे सांगितलं. येशूने चौघांचा विश्वास पाहिला आणि त्या माणसाला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली.

"आधी पाय बरा कराले जोयजे व्हता!" नाना.

"पायही झाला. उठला आणि खाट काखेत मारून घरी गेला. चौघांनी आणलेला माणूस, नाना. चालत गेला."

नाना भिंतीकडे वळले. पण मी अडकलो ते एका शब्दावर. चौघांचा विश्वास? आणि ज्याला तारायचं त्याचा? मी अक्कांचं पुस्तक मागून घेतलं आणि अशा सात गोष्टी वाचल्या. वहीत दोन रकाने केले. स्वतः येऊन मागणारे तीन : एक आंधळा, एक कुष्ठरोगी, एक वर्षानुवर्षं आजारी बाई. दुसऱ्याने ज्यांच्यासाठी मागितलं असे चार : बापाने मुलीसाठी, आईने मुलीसाठी, अधिकाऱ्याने नोकरासाठी आणि हे खाटवाले. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांचं तारण दुसऱ्यांच्या खटपटीने झालं होतं. माझ्यासारख्या माणसाला हे बरं वाटलं. माझा विश्वास कमी पडला तरी खांदा चालणार होता.

दुसऱ्या दिवशी मी नानांना म्हणालो, "अडचण उचलण्याची नाही, चारची आहे. पाच जणांनी उचललं तर?"

नानांनी चांगल्या हाताची बोटं मोजून पाहिली. मग म्हणाले, "पाचवा कोन?"

"मी," अक्का म्हणाल्या.

सकाळी निघालो. मी, दोन शेजारी आणि नानांचे जावई चार पायांशी, अक्का मधे. "मोज," नाना म्हणाले. मी मोठ्याने पाच मोजले. शंभर फूट छान गेले. गटाराशी आडवी मोटरसायकल लावलेली होती. ती हलवायला अक्का पुढे गेल्या, तेही पदर खोचून, मालकाचा उद्धार करत.

"चारच शेतस!" नाना ओरडले. "ठेवा खाले!"

खाली गटार. ठेवणार कुठे? माझा हात भरून आला होता. जावई कण्हत होते. बायका दारात येऊन बघत होत्या. माझ्याकडे आकडाच शिल्लक नव्हता.

नानांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग चांगल्या हाताने खाटेची कडेची दांडी घट्ट धरली आणि जणू स्वतःला वर ओढू लागले.

"मना एक हात शे ना. पाचवा मी. चाला!"

वजन अर्थातच एक ग्रॅमनेही कमी झालं नाही, पण आम्ही गटार ओलांडलं.

आता आठवड्यातून तीनदा खाट रस्त्यावरच्या गाडीपर्यंत जाते. पायाचा अंगठा हलू लागला आहे. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. वहीत नानांना कुठल्या रकान्यात लिहावं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनाच विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे," म्हणाले. "धाबं कोनी लिपं, ते अक्काले इचार."