काजूच्या लाकडावरचं भरीत

काजूचं लाकूड समजून मी बिब्याचं लाकूड विकत आणलं, स्वतःच्या हातानं फोडलं आणि त्याच्या धुरात तोंड घालून फुंकत बसलो. बिबा ज्यांनी पाहिलाय ते इथेच हसतील. ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी सांगतो: ज्याच्या फळाच्या काळ्या तेलानं परीट कपड्यांवर खुणा करतात, तो हा बिबा. त्याचा चीक लागला की खूण माणसावर उमटते.

हे सगळं झालं शेजाऱ्याच्या शेगडीमुळे.

मी तेव्हा तेलुगू मुलखात, गुडीहत्नूरला मंडल ऑफिसात कारकून होतो. माझ्या मिसली, म्हणजे फायली, कशा असत ते सोडा, पण वांगी भाजण्यात माझं नाव होतं. घरामागच्या अंगणात तीन विटा मांडायच्या, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवायच्या, वर वांगी. सासूबाई नार्नूरहून आल्या की भरीत मीच करायचो. त्यांच्याकडे जावयाशी थेट बोलायची रीत नव्हती. पदर पुढे ओढून, पाठ अर्धी फिरवून त्या लेकीला म्हणत, "त्यायले सांग, भरीत चांगलं झालं." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासरकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि तीही वळसा घालून आलेली. मी तिच्यावर फुशारून होतो.

मग भिंतीपलीकडच्या बँकेतल्या तेलुगू साहेबांचा मेहुणा दुबईहून आला आणि त्यांच्यासाठी एक शेगडी घेऊन आला. लोखंडी, झाकणाची, वर चकचकीत जाळी, खाली चाकं. चाकं! शेगडीला जायचं असतं कुठे? पण ते रोज संध्याकाळी तिला अंगणभर हिंडवायचे, आणि मी भिंतीवरून मोजल्यासारखं पाहायचो. पुढच्या खेपेला सासूबाई आल्या तेव्हा पलीकडून ताटली आली: भाजलेली कोंबडी आणि एक वांगं. सासूबाईंनी बोटानं वांग्याचं सालटं ओढलं. ते सदऱ्यासारखं अलगद निघालं.

"त्यायले सांग," त्या लेकीला म्हणाल्या, "भाजनं असं असते."

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वेल्डिंगवाल्याकडे जाऊन डांबराचा रिकामा ड्रम उभा चिरून घेतला, वर सळयांची जाळी बसवली, खाली मोडक्या खाटेचे पाय. एक पाय आखूड निघाला. शेगडी लंगडत उभी राहिली. मला वाटलं, दिसायला काय करायचंय, खरी गंमत जाळात आहे.

आणि मग मी जाळाच्या मागे लागलो. गॅस नुकताच आला होता. त्यावर वांगं वरून काळं होई, आतून उकडल्यासारखं लागे. रॉकेलच्या स्टोव्हवरच्या भरताला कंदिलाचा वास. बेल्लमपल्लीच्या खाणीकडच्या एका ओळखीच्यानं दगडी कोळसा दिला, तो पेटवला तर बायको दारात येऊन म्हणाली, "वांगं भाजून राह्यले का इंजिन चालवून राह्यले?" लाकडी कोळसा उत्तम, पण तो शेजारी वापरत होते. मी वापरला असता तर नक्कल झाली असती.

"पऱ्हाट्या काय वाईट होत्या?" बायकोनं विचारलं. "काऊन सोडल्या?"

"पऱ्हाट्या कोणीबी जाळते," मी म्हणालो.

शेजाऱ्यांनी भिंतीवरून, मी न विचारता, अक्कल दिली. "खुशबू होना साब. उधर दुबई में फल के झाड़ का लकड़ी जलाते. उसका धुआँ अंदर तक जाता."

फळझाड! आंबा म्हटलं तर बायकोनं डोळे वटारले. आंब्याचं लाकूड सरणाला जातं. मी वखारीत गेलो. मागच्या कोपऱ्यात, बाकी ढिगापासून लांब, चार-पाच ओंडके वेगळे टाकलेले होते.

"ते कोणतं?"

"वद्दु सारू," वखारवाला म्हणाला. नको साहेब. "अवी जीडि कट्टेलु."

कट्टेलु म्हणजे लाकडं. आणि माझं तेलुगू किराणा दुकानात शिकलेलं. तिथे जीडिपप्पु म्हणजे काजू. काजूचं लाकूड! इतकं भारी लाकूड, आणि मला नको म्हणतोय? म्हणजे ते कोणासाठी तरी राखलेलं आहे. कोणासाठी, हे सांगायला मला पंचांग लागलं नाही. मी हट्टाला पेटलो. तो जितकं "वद्दु" म्हणे तितकं मी "मलाच पाहिजे" म्हणत राहिलो. शेवटी त्यानं हाताला गोणपाट गुंडाळलं आणि ओंडके माझ्या सायकलीला बांधून दिले. महागाचा माल लोक असाच जपून हाताळतात, असं मला वाटलं.

रविवारी सासूबाई आल्या. मी ओंडके फोडले. आतून काळं, चिकट काहीतरी पाझरलं. काजूचं तेल, मी मनात म्हणालो. शेगडी पेटवली, वर वांगी मांडली, मसाला लावलेली कोंबडी बाजूला ठेवली आणि सगळ्यांना लांब बसवलं, या धुरावर पहिला हक्क माझा म्हणून. भिंतीवर शेजाऱ्यांचं डोकं आलं.

"कौन सी लकड़ी है साब?"

"काजू की."

त्यांनी नाकाला रुमाल लावला, आत गेले, धाडधाड खिडक्या लावल्या. जळतोय लेकाचा, मी म्हणालो, आणि आणखी जोरात फुंकलं.

जाळातून वांग्यांवर काळे थेंब उडायला लागले. माझे डोळे चुरचुरू लागले. सासूबाई उठल्या, वाकून एक ढलपी पाहिली आणि झटक्यात मागे सरल्या. "त्यायले सांग, ते वांगे फेका म्हना. कोंबडी घरात ने. हे बिब्याचं लाकूड हाय!"

"काजूचं आहे," मी त्यांच्या लेकीमार्फत कळवलं.

कोंबडी शेजारच्या जाळीवर भाजली गेली. वांगीही तिथेच, नवीन आणून. मी जेवलो नाही. रागानं नव्हे, डोळ्यांवर ओला फडका होता म्हणून.

सकाळी आरशात माझ्याऐवजी कोणी दुसराच होता. ओठ पुऱ्यांसारखे, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, हातांवर फोड. बिब्यावर उतारा म्हणून बायको वाटलेले तीळ थापत होती. शेजारी विचारपूस करायला आले, वखारवाल्याचे शब्द माझ्याकडून ऐकले आणि फार हळुवारपणे म्हणाले, "जीडि बोले तो भिलावा, साब. काजू बोले तो जीडिपप्पु." भिलावा म्हणजे आपला बिबा. जाताना म्हणाले, बरे होईपर्यंत शेगडी इकडेच ठेवू का? चाकं आहेत, ढकलत आणतो.

मी सुजलेल्या ओठांनी "नको" म्हणालो. त्यातही तो "को" नीट आला नाही.

सासूबाई नार्नूरच्या गाडीसाठी पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. माझा तो "नको" त्यांनी ऐकला. लेकीकडे पाहिलं नाही. पदर मागे सारला, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"जवाई, कोळसा काऊन धुंडता, न लाकूड काऊन धुंडता? शेजाऱ्याची शेगडी आली तवापासून तुमीच जळून राह्यले. वांगे तुमच्या टकुऱ्यावर ठेवले असते, तं कवाच भाजून निघाले असते."