आघाडीचा सांगाडा

लासुर्ण्याच्या संभाजीरावांच्या दारातून आजवर कुणी रुसून गेलं नव्हतं. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो; त्यांना ह्याचा होता. भावकीतल्या एका लग्नात बँड बारामतीचा की भवानीनगरचा, ह्यावरून दोन मामा हातघाईवर आले, तेव्हा संभाजीरावांनी दोन्ही बँड बोलावले आणि एकाच वेळी वाजवायला लावले. नवऱ्याची घोडी उधळून थेट उसात शिरली. पण दोन्ही मामा जेवून, ढेकर देऊन गेले. अशा गुणाचा माणूस सहकारात वाया जात नाही. शेतीची अवजारं काढणाऱ्या सहकारी अवजार संघानं त्यांना सेक्रेटरी करून टाकलं होतं.

घरात मात्र मिटवायला काही नव्हतं, कारण बायको, प्रयागबाई, भांडतच नव्हती. तिचा जन्म उकिडवं बसून उसातलं तण खुरपण्यात गेला होता. आता गुडघ्यांनी दावा मांडला होता. खाली बसली की उठताना आधी जमिनीला हात, मग मांडीला हात, मग देवाला हाक.

"अवं, उभ्यानं खुरपायचं काय तरी काढा की तुमच्या संघातनं," ती म्हणायची.

"काढतो," ते म्हणायचे. नाही म्हणणं त्यांना कुठं येत होतं?

आणि खरंच काढलं. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला संघानं बायकांसाठी चाकाचं, उभ्यानं ढकलायचं हातकोळपं करायचं ठरवलं. पुण्याच्या कॉलेजातून राजलक्ष्मी मॅडम कॉम्प्युटर घेऊन आल्या. काळ्या पडद्यावर हाडांचा सांगाडा उभा राहिला. मॅडमनी समजावलं, "हा सांगाडा परदेशी माणसाचा आहे. आपल्या माणसाचं माप घेऊन ह्याची हाडं लांब-आखूड करायची, सांधे त्या त्या जागी सरकवायचे. मग कामात गुडघ्यावर, पाठीवर किती ताण येतो ते हा सांगेल, आणि कोळप्याची मूठ किती उंच हवी तेही. फक्त माप एकाच माणसाचं हवं. खुरपणाऱ्या."

चहाला घरी आल्यावर मॅडमनी प्रयागबाईला भिंत धरून उठताना पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यांचंच घेऊ."

प्रयागबाई लाजली. मग पाय धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून पाटावर येऊन बसली. आणि इथं संभाजीरावांना गाव आठवलं. सेक्रेटरीनं बायकोचंच माप घातलं म्हणून उद्या गावभर बभ्रा होईल! ते म्हणाले, "मॅडम, आधी संघात विचारतो." प्रयागबाई पाटावरून उठली. भिंत धरूनच.

संघात विचारलं आणि झालं. सगळ्या मुलखाचा देह ठरणार म्हटल्यावर आपला देह मागं ठेवणारा संचालक अजून जन्माला यायचाय. चेअरमन सर्जेराव म्हणाले, "चेअरमनचं माप सोडून दुसऱ्याचं? लोक काय म्हणतील?" तालमीत जाणारे विजयसिंह बाह्या सारून म्हणाले, "ह्या हातापुढं कुणाचा हात हाय का सांगा." आणि सुप्याचे अप्पा, बुटके आणि रुंद, म्हणाले, "बागायतवाल्यांनीच सगळं लाटायचं व्हय? कोरडवाहूला कायतरी द्या, न्हायतर आमी चाललो." तिघांपैकी एकानंही खुरपं कधी हातात धरलं नव्हतं. पण दिल्लीत त्या वेळी आघाडीचंच राज्य होतं, आणि संभाजीराव पेपर वाचत होते.

"भांडण कशाला?" ते म्हणाले. "पाय चेअरमन सायबांचे, हात विजयसिंहरावांचे, धड अप्पांचं."

टाळ्या पडल्या. डोकं मात्र कुणीच मागितलं नाही. ते परदेशी माणसाचंच राहिलं.

मॅडम म्हणाल्या, "असा माणूस जगात नाही."

"नसंना का," सर्जेराव म्हणाले, "ठरावात हाय की."

खर्च संघाचा होता. मॅडमनी मापं भरली. सांगाडा पुढं वाकवला, तसा तो तोंडावर आपटला. पाय लांबलचक, धड आखूड, खांदे कानांना टेकलेले. त्याचं तरी काय चुकलं? सर्जेराव म्हणाले, "त्याचा खुबा जरा खाली घ्या." विजयसिंह उसळले, "मंजे आमचा हातबी खाली येणार. जमणार न्हाय." अप्पा उठून चपला शोधायला लागले. तेव्हा संभाजीरावांनी मधला मार्ग काढला, "कुणाच्याच वाट्याला धक्का नको. गुडघा तेवढा दोन बोटं वर सरकवा." गुडघ्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि सांगाडा उभा राहिला.

"उभा राहिला," मॅडम म्हणाल्या, "पण आता ह्याला वाकता येत नाही."

"उभ्यानंच काम करायचंय न्हवं? मग वाकायचंय कशाला!" सर्जेराव म्हणाले.

मॅडमनी बॅग भरली. जाताना संभाजीरावांना एवढंच म्हणाल्या, "ह्याला मी माझं नाव लावू देणार नाही. खरं माप द्यायचं झालं तर बोलवा. येईन."

कोळपं झालं. नारळ फुटला तो संभाजीरावांच्याच उसात. सर्जेरावांच्या छातीला मूठ टेकली, विजयसिंहांना कोपरं खांद्याइतकी वर काढावी लागली, अप्पांच्या तर हनुवटीलाच मूठ लागली. तिघांनी हसत फोटो काढून घेतले आणि जीप गेली. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात त्यातली गत. मागं राहिली ती प्रयागबाई.

तिनं मूठ धरली. ती गळ्याशी आली. ढकललं तर गळपट्टीच्या हाडाला धक्का बसला. पुन्हा ढकललं, पुन्हा बसला. मग तिनं कोळपं सरीत रोवून ठेवलं, कमरेचं खुरपं काढलं आणि खाली बसली. गुडघा कडकन वाजला. तो आवाज संभाजीरावांनी आजवर ऐकला नव्हता असं नाही. आज तो त्यांना लागला.

"मी बोलतो सर्जेरावांशी," ते म्हणाले.

"बोला. पर आधी हितं बसा जरा. उकिडवं."

ते बसले. खुरपत खुरपत ती पुढं सरकली, तेही सरकले. सरीच्या मध्याला येईतो त्यांच्या पोटऱ्या पेटल्या, गुडघ्यात कुणी पाचर ठोकतंय असं झालं. उठायला गेले ते मातीत बसले. "अगं, हात दे," ते ओरडले.

"मला कोण देतंय?" प्रयागबाई म्हणाली. रागानं नव्हे. तिलाही उठता येत नव्हतं, एवढंच ती सांगत होती.

संभाजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या मुलखाला त्यांनी त्या सांगाड्यात जागा दिली होती आणि हिला पाटावरून उठवलं होतं. शेवटी रांगत रांगत दोघं रोवलेल्या कोळप्यापाशी आले आणि त्याचा दांडा धरून उठले. त्या अवजाराचा तेवढाच उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी संघाला न विचारता त्यांनी भवानीनगरहून पुण्याला फोन लावला.

मॅडम आल्या. प्रयागबाई पुन्हा ठेवणीतलं लुगडं नेसून पाटावर बसली. संभाजीराव टेपचं एक टोक तिच्या गुडघ्यावर धरून बसले होते, तेवढ्यात दारात विजयसिंह येऊन उभे राहिले.

"मंजे आमचे हात काढले का काय?"

"काढले," संभाजीराव म्हणाले. "पायबी काढले. धडबी."

विजयसिंह थोडा वेळ थांबले. कुणीतरी चहा म्हणेल, हात धरून बसवेल, मधला मार्ग काढेल, म्हणून. मग पायरी उतरून तरातरा निघाले. प्रयागबाई घाबरून कुजबुजली, "अवं, रुसून चाललं की त्ये. हाक मारा."

"हलू नगंस," संभाजीराव म्हणाले, "माप चुकंल."