अकरा दिवसांच्या भाकरी

चावडीच्या ओट्यावर माह्या आईचं नाक घासलं. दोघांनी तिचे हात मागं धरले व्हते, तिसऱ्यानं मानंवर पाय दिलता. दगडी ओटा. खरबरीत. "म्हन, मी खोटं बोलले." आई म्हनंना. पुना घासलं. नाकाची कातडी निघाली, रगत व्हटावर आलं. "म्हन." मंग म्हनली. "मी खोटं बोलले मालक." तीनदा म्हनायला लावलं. पह्यल्यांदा आवाज बारीक आला म्हने.

मी सात वर्साची आसंल. समोर सारं गाव उभं व्हतं.

खोटं काय बोलली ती, ते सांगते.

रझाकाराच्या टायमाची गोष्ट. माहा जल्म नव्हता झाला. पिशोरच्या अलीकडं, डोंगराच्या बुडाला आमचं गाव. निजामाचं राज्य उलथवायला निघालेली चार-पाच पोरं डोंगरात लपली. त्यात मालकाचा थोरला. मालक म्हंजी गावचा पाटील, जमीनवाला. त्याच्या दारात बंदूकवाले येऊन बसले. घरातलं कोनी डोंगरात जाऊ शकंना. पन महारवाड्यातली बाई गवताला चालली तर तिच्याकडं कोन पाहातं? आमच्याकडं पाहायची कोनाला सवयच नव्हती.

आई तवा नवी नवरी. भर उन्हाची गवताला जायची. पाटीत खाली भाकरी, वरतून फडकं आन विळा. अकरा दिवस गेली. जवारी आमचीच, बलुत्याची. मी ल्हान आसताना भाकरी थापता थापता हसून सांगायची, "थोरला एवढा भुकेला व्हता गं, हात धुवायच्या आदी तुकडा तोडला त्यानं. चटनी हाये का, आसं बी इचारलं नाय."

पुढं राज्य गेलं. झेंडा आला. म्हातारा मेला आन हाच थोरला मालक झाला. दर साली झेंड्याच्या दिवशी भाषन करायचा. त्या साली म्हनला, "आम्ही अकरा दिवस डोंगरात झाडपाला खाऊन काढले."

आई लांब लिंबाखाली उभी. आमचे लोक तिथंच उभे राह्यचे. तिच्या मनात काई पाप नव्हतं. आपल्या मानसाची मस्करी करावी तशी बोलून गेली, "झाडपाला कशाचा मालक, माह्या भाकरी खाल्ल्या की!"

लोक हसले. मालक बी हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर बोलावनं आलं. महारीनीच्या हातचं खाल्लं म्हनती, म्हंजी घर बाटवती, आसा गुन्हा. आदल्या सालीच आम्ही बुद्ध झालो व्हतो, मेलेली ढोरं वढायचं सोडलं व्हतं. तो राग बी व्हताच.

आईनं तीनदा म्हनून बी मालकाचं पोट भरलं नाय. मला पुढं वढलं.

"काय गं, तू पाह्यलं का तुह्या आईला भाकरी नेताना?"

मी कशी पाहीन? मी व्हते कुठं तवा? "नाय," मी म्हनले.

"मंग तुही आई खोटीच ना?"

मी आईकडं पाह्यलं. तिची मान दाबलेली, फक्त आंबाडा दिसला.

"व्हय," म्हनले.

लोक पांगले. आईनं वढ्यावर तोंड धुतलं. नाकाला पानी लागलं तसं एकदा आंग आखडलं तिचं. मंग म्हनली, "चल, शेळीला पानी पाजायचं राह्यलं." बस्स. त्या दिसापासून भाकरी थापताना ती कधी बोलली नाय. मरेपोतर नाय. माह्यावर कधी रागावली बी नाय. रागावली आसती, दोन चापटा दिल्या आसत्या, तर बरं झालं आसतं.

लगीन होऊन मी औरंगाबादला आले. आता संभाजीनगर म्हनत्यात. नाव बदललं, भांडी तीच. मालक माहे, म्हंजी नवरा, लवकर गेला. मी उस्मानपुऱ्यात धुनं-भांडी, फरशी करत राह्यले. एका ताईकडं बावीस वर्सं काढली. ताई कालेजात शिकवायच्या. लई शिकलेल्या. घर पुस्तकांनी भरलेलं. नव्यानं आलेल्या मान्साला सांगायच्या, "आमच्याकडं जातपात काही नाही हं." माहा चहाचा गिलास मात्र मोरीच्या खिडकीत. बावीस वर्सं तिथंच. स्वैपाकाला येगळ्या काकू. म्या घासलेल्या भांड्यात त्या रांधायच्या. पन पिठाच्या डब्याला म्या हात लावायचा नाय. आसं कोनी बोललं नव्हतं. बोलायची गरजच पडली नाय, मला ठाव व्हतं.

मागल्या महिन्यात ताईंनी एक पुस्तक आनलं. काळ्या लोकांच्या मुलखातलं, आफ्रिकेतलं, मराठीत केल्यालं. शिकलेल्या लोकांची त्याइची एक मंडळी हाये, महिन्याला कोनाच्या तरी घरी जमतात, पुस्तकावर बोलतात. या खेपेला ताईंची पाळी. म्हून त्या सकाळी हॉलमदी येरझाऱ्या घालत मोठ्यानं वाचायच्या. मी फरशी पुसायची आन आयकायची.

गोऱ्या सायबाचं राज्य. एक गाव. बायका मका पेरतात, सायबाच्या मळ्यात राबतात, डोक्यावर पानी वाहतात. मका तर आमच्याकडं बी हाये. मातीची घरं हायेत, शेळ्या हायेत. म्हातारे झाडाखाली बसून नसत्या चौकशा करतात, ते बी हाये. गावची पोरं बंदुका घेऊन रानात गेली. एक बाई रोज लाकडाच्या मोळीत उकडलेली कनसं लपवून त्याइला नेऊन देती. तिचं नाव माह्या जिभंवर बसंना. शिपाई तिला धरतात, पायाच्या तळव्यावर मारतात. ती कोनाचं नाव घेत नाय.

माहा हात थांबायचा. फरशी वाळून जायची, मंग मी पुना पुसायची. ताईंना वाटलं, मावशी आता काम नीट करायला लागल्या.

शेवटचं पान त्याइनी एका शुक्रवारी वाचलं. गोरे गेले. रानातला पुढारी मोठ्या गाडीतून गावात आला. ती बाई टोपल्यात कनसं घेऊन त्याला भेटायला गेली. तो म्हनला, ही कोन? शिपायानं तिला ढकललं. कनसं धुळीत. शिपाई बी काळाच.

ताईंनी चष्मा काढला, डोळे पुसले. मी वल्ल्या फरशीवर बसले ती उठलेच नाय.

"मावशी, काय झालं? चक्कर आली का?"

"ताई, ही माही आई हाये," म्हनले.

आन सांगितलं. सगळं. साठ-पासष्ट वर्सांत पह्यल्यांदा. नाक घासल्यालं सांगितलं, मी व्हय म्हनले ते बी सांगितलं.

ताई माह्या शेजारी बसायला वाकल्या, मंग फरशी वल्ली पाहून खुर्चीवर बसल्या. म्हनल्या, "अहो मावशी, हे किती भारी आहे! रविवारी सगळ्यांसमोर सांगाल? आणि असं करा, नऊवारी नेसून या. वातावरण तयार होईल."

मी सहावारी नेसते. नऊवारी शेजारनीची मागून आनली. जायचं कामून? आशा व्हती. माह्या आईला गावानं खोटी ठरवली, ही शिकलेली मानसं तिला खरी म्हनतील. कोनीतरी एकदा म्हनंल, व्हय, ती बाई खरी बोलली. एवढंच पाह्यजे व्हतं. दुसरं काई नाय.

रविवारी गेले तर ताई घामाघूम. स्वैपाकाच्या काकूंच्या माहेरी मयत झालती, त्या आल्या नाय. बेत तर गावाकडचा ठरलेला, पुस्तकाला शोभंल आसा. भाकरी, पिठलं, ठेचा. पंधरा मानसं येनार.

"मावशी, भाकरी येतात ना तुम्हाला?"

आन पिठाचा डबा त्याइनीच माह्यापुढं सरकवला. बावीस वर्सांनी. मला हसू आलं. म्या गिळलं.

चाळीस भाकरी थापल्या. गॅसवर हात पोळला, पन एक बी फाटली नाय. पिठलं ताईंनी केलं.

मंडळी आली. सोफ्यावर, खुर्च्यांवर बसली. टेबलावर ते पुस्तक उभं करून ठिवलं व्हतं, वर मोळी घेतलेल्या बाईचं चित्र. मला समोर खाली चटईवर बसवलं. ताई म्हनल्या, "मावशी, पाय असे दुमडून बसा, फोटो नीट येईल." सगळ्यांच्या हातात ताटं. "काय पापुद्रा सुटलाय!" एक बाई म्हनली. दुसरी म्हनली, "ही खरी मातीची चव."

ते खात व्हते, मी सांगत व्हते.

मी थांबले तवा दोघीतिघींनी डोळे पुसले. मंग एक म्हातारे सर, रिटायर, आंगात झब्बा, आमच्याच बाजूचे निघाले. म्हनले, "बाई, तुमच्या भावना कळतात. पण हे शक्य नाही. त्या काळात? पाटलाच्या घरचा माणूस? उपाशी मेला असता तो." भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडात घातला, चावून चावून गिळला. मंग म्हनले, "पीठ नेलं असेल तुमच्या आईनं. भाकरी ते लोक स्वतः करून घेत असतील. तसं सांगा. त्यात तुमच्या आईचा मान कमी होत नाही."

"हो, हे पटतं," एक बाई म्हनली.

ताई माह्याकडं वाकल्या. ल्हान लेकराला समजवावं तशा. "मावशी, खूप जुनं आहे ना ते. तुमचा तर जन्मही नव्हता. तुम्ही पाहिलं थोडंच? पीठच असेल, नाही का?"

मी चटईची काडी मोडत राह्यले. त्याइला वाटलं, मानलं.

तेवढ्यात पापुद्र्यावाली बाई म्हनली, "ते राहू दे गं, भाकरी कुणी केल्यात सांग आधी. मला नंबर हवाय."

"आमच्या स्वैपाकाच्या काकूंनी," ताई म्हनल्या. "सकाळीच करून गेल्या." मंग माह्याकडं पाह्यलं. "हो ना मावशी?"

सगळे माह्याकडं पाहायला लागले. माह्या हाताला पीठ व्हतं तवा. नखात वाळल्यालं.

गुडघे धरून उठले. उठायला येळ लागला. कोनी हात दिला नाय.

"नाय," म्हनले. "काकू आज आल्याच नाय. ह्या भाकरी म्या थापल्यात. चाळीस. आन माह्या आईनं बी भाकरीच नेल्या. पीठ नाय. डोंगरात तवा नव्हता, पानी नव्हतं, पीठ कशात मळनार व्हते ते? मालकानं हात न धुता खाल्ल्या. तुम्ही धुवून खाल्ल्या. एवढाच फरक."

सरांचा हात ताटाच्या वर थांबला. हातातला तुकडा त्याइनी ताटाच्या कडंला ठिवला. हळूच. जसं त्याइला कोनी पाहात नाय. पापुद्र्यावाली बाई उठून बेसिनकडं गेली. चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा नाय, चारदा.

कोनी शिवी दिली नाय. कोनी नाक घासलं नाय. ताटं मात्र खाली ठिवली. मी मोजत नव्हते, पन एक बी ताट रिकामं नव्हतं.

मी स्वैपाकघरात गेले, ताई मागं आल्या. "बावीस वर्षं सांभाळलं मी तुम्हाला. माझ्याच घरात मला तोंडघशी पाडलंत? दोन शब्द गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"एकदा गप नव्हते बसले ताई. एकदा व्हय म्हनले व्हते. लई बिघडलं."

"उद्यापासून येऊ नका."

"नाय येनार. आन सांभाळायचं म्हनता तर, भांडी म्या घासली ना? कोन कोनाला सांभाळत व्हतं?"

उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या. त्या कोनी खानारच नव्हतं आता. ताईंनी अडवलं नाय.

त्याच गल्लीतली दुसरी दोन घरं बी बंद झाली माही. फोन गेले आसतील. सून म्हनती, "आत्या, जाऊन माफी मागा. ह्या वयात दुसरीकडं कोन ठिवनार तुम्हाला? भाकरीवरून कोन भांडतं?"

तिचं चूक नाय. तिला घर चालवायचं हाये. पन माफी मागायची ती एकाच मान्साची, ती माही आई, आन ती आता नाय. ती जित्ती आसती तर मी तिच्या पायावर नाक घासलं आसतं. आनखी कोनापुढं नाय.

ते आफ्रिकेतलं पुस्तक ताई वाचतच आसतील. त्या बाईसाठी रडत बी आसतील. रडू द्या. ती लांब हाये. तिच्या हातचं त्याइला खायचं नाय.

मी परवापासून नवी कामं शोधते. दारातच सांगते. मी कोन, माही आई कोन, आन आमच्या गावच्या मालकानं अकरा दिवस कोनाच्या हातचं खाल्लं. समदं आयकून घ्या, मंग आत घ्या. तीन घरांनी दार लावलं. चवथं बी लावंल. मी पाचवं वाजवीन. माह्या हातचं खायचं आसंल त्यानं चारचौघांत माहं नाव घेऊन खायचं. चोरून खानाराला माह्याकडं आता भाकर नाय.