पितळी नांगर

सुपरग्लूचा वास मला आजही सहन होत नाही. तो नाकात टोचतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि त्याच्या वाफेने मॉडेल विमानाच्या पारदर्शक काचेवर जो पांढरट बुरा चढतो, तो बघवत नाही. तरी चार वर्षं मी रोज संध्याकाळी तो वास घेत बसत होते.

बोईसरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते आणि पालघरला राहते. विमानांची छोटी मॉडेल्स जोडायचा नाद मला उशिरा लागला. नवऱ्याला कंपनीच्या कार्यक्रमात बक्षीस मिळालेला अशाच एका मॉडेलचा खोका त्याने कपाटावर टाकला होता. तो मी उघडला. पुढे नुसत्या प्लास्टिकवर समाधान होईना, म्हणून पितळेकडे वळले. कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यातून आम्लाने कोरून काढलेले भाग मिळतात. वैमानिकाच्या पट्ट्यांची बकलं, शिड्या, जाळ्या. चौकटीतून ब्लेडने एकेक सोडवायचा, चिमट्याने उचलायचा, वाकवायचा, चिकटवायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तिळाएवढं बकल ब्लेड लागताच टिच करून उडतं. मग फरशीला गाल टेकवून, टॉर्च लावून शोधायचं. केसांचे गुंतवळ, वाळलेल्या मुंग्या, कधीचा शिळा चिवडा सापडायचा, बकल नाही. आणि सापडलंच तर ते विमान सोडून माझ्या बोटाला चिकटायचं. साल निघालेल्या त्या बोटांनी कणीक मळताना मला स्वतःचीच किळस यायची.

माझं माहेर बोईसरजवळचं, खाडीकाठचं नवापूर. वडिलांनी जन्मभर होडी चालवली. एकदा ते पालघरला आले तेव्हा मी पाण्यावर उतरणारं एक जुन्या बनावटीचं विमान जोडत होते. त्यांनी ते तळहातावर घेतलं, खालचे दोन तरंगते पाय नीट न्याहाळले.

"ह्ये पान्यावर उतरतं?"

"हो."

"मंग ही होडीच हाय. नांगर कुठं हाय हिचा?"

खोक्यात नांगर नव्हता. विकत मिळणाऱ्या पत्र्यांतही नव्हता. वडिलांनी माझ्या या उद्योगाबद्दल विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता, म्हणून मी हट्टाला पेटले. नांगर, दोर गुंडाळायची खुंटी, छोटी शिडी, सगळं कागदावर रेखाटलं आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात गेले. तिथे यंत्रांवर लावायच्या पितळी पाट्या कोरून मिळत. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. माझं चित्र बघून हसला. "मॅडम, ये तो मच्छर का गहना है." पण काम त्याने घेतलं.

पहिला पत्रा आला तो इतका सुंदर की मी तो दोन दिवस कापलाच नाही. नांगराच्या टोकांना धार होती. मी लगेच दुसरा पत्रा सांगितला.

तो आणायला शनिवारी दुपारी गेले. मालक फोनवर होता, म्हणून मी मागच्या दाराकडे गेले. तिथे त्याचा कामगार, तिशीचा असेल, दोन्ही हातांनी एक मोठा ट्रे उचलत होता. ट्रेमध्ये पितळ खाऊन खाऊन शेवाळासारखं हिरवट झालेलं द्रावण होतं. त्याने तो ट्रे मागच्या गटारात उपडा केला, वर बादलीभर पाणी ओतलं. गटाराच्या कडा आधीपासूनच गंजासारख्या तांबूस होत्या. आंबट, धातूचा वास आला, जुनं नाणं तोंडात धरल्यासारखा.

मी रोज सांडपाण्याच्या नमुन्यांतलं तांबं मोजते. त्या ट्रेमध्ये काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गटार नाल्याला मिळतं, नाला खाडीला, हेही माहीत होतं. मालक आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "हे असंच सोडता?"

"पानी डालके छोड़ते हैं, मॅडम. सब छोड़ते हैं."

त्याने माझा पत्रा पुढे केला. मी पर्समधून भिंग काढलं, नांगराची भोकं स्वच्छ पडलीत का ते तिथेच उभं राहून तपासलं, आणि घरी आले. त्या दिवसातलं मला सगळ्यात ओंगळ काय वाटतं, तर ते भिंग.

दुसऱ्या दिवशी नवापूरला गेले. आई ओट्यावर मासळी साफ करत होती. एक बोय तिने नाकाशी नेली आणि बाजूला टाकली.

"वास मारतंय," ती म्हणाली. "आता खाडीचं कायबी घेत नाय आमी. ही शेजारीन देऊन गेली."

मांजर आलं, बोय हुंगली आणि निघून गेलं. मी नाक धरलं. वडील जाळं सांधत होते. मी विमान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नांगराला नखाने हलकेच स्पर्श केला, खूश झाले.

"बेस झालाय. कुठं केलास?"

मी सांगितलं. गाळा, ट्रे, गटार, सगळं. त्यांचा हात जाळ्यावर थांबला.

"तू बोललीस त्याला काय?"

"नाही."

त्यांनी जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "चा घे, बाय. निवतोय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मी त्या गाळ्यात गेले. द्रावणात लोखंडाचा कीस टाकून तांबं कसं खाली बसवायचं, सोड्याने आम्ल कसं मारायचं, गाळ वेगळा कसा ठेवायचा, कुणाकडे द्यायचा, हे मालकाला समजावलं. हिंदीत लिहूनही दिलं. त्याने आदराने कागद घेतला, भिंतीवर चिकटवला. पंधरा दिवसांनी गेले तर कागद तसाच होता आणि गटारही तसंच. मग मी फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रीतसर तक्रार केली. महिनाभरात गाळ्याला कुलूप लागलं. पुढे कळलं, मालकाने मनोरच्या बाजूला दुसरी जागा घेतली. तिथे गटार कसं आहे, ते मी अजून बघायला गेलेले नाही.

पावसाळा संपता संपता बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले तर शेजारी तो कामगार. त्याने मला ओळखलं. सालवडला राहतो, आता एका गोदामात माल चढवतो म्हणाला. त्याच्या बोटांवरचे पिवळट डाग अजून गेले नव्हते. नखं तर आम्लाने कडेने खाल्लेली होती. माझी नजर त्यांच्यावरून हलेना. इतके दिवस मला गटाराची, बोयीची, माझ्या भिंगाची किळस आली होती. ही बोटं मी त्या दिवशी पाहिली होती आणि माझ्या डोक्यातही आली नव्हती.

"कंप्लेंट आपने की थी ना?" त्याने शांतपणे विचारलं.

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. मी हो म्हणाले.

त्याने खिशातून भाड्याचे पैसे काढले. "हमको बोलना था, मॅडम. सेठ कहाँ हाथ लगाता था. डालता तो मैं था."

"तुम क्या करते?"

"पता नहीं," तो म्हणाला. "लेकिन पूछा तो किसी ने नहीं."

सालवडच्या नाक्यावर तो उतरला. मला पुढे जायचं होतं. त्याचं नाव मी तेव्हाही विचारलं नाही, हे रिक्षा सुरू झाल्यावर लक्षात आलं.