मयताला निघालेल्या चौदा बुलेट

मी गोखिवऱ्यात व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. जे मापात बसत नाही ते बाजूला काढायचं, त्यावर शेरा मारायचा आणि चहाला जायचं... हे माझं काम आहे आणि बायकोच्या मते माझा आजारही. भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांची मी याच पानावर यथेच्छ टिंगल केलेली आहे, जुने वाचक ओळखतील. तेव्हा आज माझी पाळी आली म्हणून हसायचं तर खुशाल हसा. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

आम्ही वसईतले काही बुलेटवाले. एरवी रविवारी भटकतो, पण एखादा माजी सैनिक गेला आणि घरच्यांनी बोलावलं, तर घरापासून स्मशानापर्यंत किंवा चर्चपर्यंत त्याच्यासोबत जातो. शववाहिकेच्या पुढे-मागे दोन-दोनच्या रांगेत, हेडलाइट लावून, हॉर्न न वाजवता. आम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही. माझे वडील सतरा वर्षं फौजेत होते, आणि त्यांना पोचवायला आम्ही सहा माणसं होतो. त्यातला एक शववाहिकेचा ड्रायव्हर. ते मला अजून बोचतं म्हणून मी हे करतो. देशप्रेमावर भाषण मला जमत नाही.

जानेवारीतली गोष्ट. गिरीजहून ग्लोरिया नावाच्या मुलीचा फोन आला. तिचे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार पास्कोल, वारले होते. त्यांनी पूर्वी नंदाखालच्या एका मयतात आम्हाला पाहिलं होतं आणि बायकोला सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी हे लोक पाहिजेत. ग्लोरिया म्हणाली, मम्मी रडत नाहीय, जेवत नाहीय, फक्त विचारतेय की गाड्या येणार ना. मी सांगितलं, शनिवारी साडेतीनला दारात असू. शब्द दिला.

शनिवारी अंबाडी रोडला जमलो. चौदा गाड्या. सगळ्यात पुढे मी, माझ्या मागे शीतल... ती पेशाने स्टाफ नर्स, आणि आमच्यात सगळ्यात चांगली चालवते (हे तिला सांगू नका). शेवटी सावंत, मागे कुणी सुटलं नाही हे बघायला. माझ्या हेल्मेटवर कॅमेरा होता, कारण ग्रुपच्या पेजचं काम माझ्याकडे. बाभोळ्याला ट्रॅफिकने खाल्लं आणि गिरीजमध्ये शिरलो तेव्हा तीन पस्तीस झाले होते. चर्चमधली मिस्सा, म्हणजे मयताची प्रार्थना, चारला. मी आधीच टेन्शनमध्ये होतो.

वाड्यांमधून जाणारा रस्ता पुढे एका ठिकाणी फुटतो. ग्लोरियाने पाठवलेलं लोकेशन उजवीकडे दाखवत होतं. फाट्यावर एक म्हातारा उभा होता. काळा कोट, छातीवर मेडल्स, डोक्यावर काही नाही. त्याने उजवा हात खांद्यातून पूर्ण ताणून, तळहात सपाट ठेवून आमच्या डावीकडे दाखवला. तसा हात फक्त परेड केलेला माणूसच दाखवतो. माझ्या वडिलांना कुणी पत्ता विचारला की ते असाच दाखवायचे. मला वाटलं, घरच्यांनी कुणा फौजी मित्राला उभं केलं असेल. आणि गुगलचं काय, वाडीत ते नेहमी कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन सोडतं. मी त्याला सॅल्यूट केला, 'थँक यू, साहेब' म्हटलं आणि डावीकडे वळलो. मागून तेराही गाड्या वळल्या.

गल्ली अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये जेमतेम एका टेम्पोची वाट, आणि टोकाला एक घर. दारावर पाटी होती — पास्कोल, माजी सैनिक. घर तेच. पण मंडप नाही, खुर्च्या नाहीत, चिटपाखरू नाही. आजूबाजूची घरं बंद. मी घड्याळ पाहिलं. म्हणजे मयत निघालं... आम्हाला उशीर झाला.

तेवढ्यात ग्लोरियाचा फोन. कुठे आहात? मी म्हटलं, तुमच्या दारात. ती म्हणाली, दारात कुणी नाहीय. मी पाटी वाचून दाखवली. तिचा आवाज चिरला.

"ते धाकट्या मिलिटरीचं घर. आमचं घर मोठ्या मिलिटरीचं. दोघांचं नाव एकच आहे. प्लीज लवकर या, फादर थांबायला तयार नाहीत."

गावात जो फौजेत गेला त्याला नुसतं 'मिलिटरी' म्हणतात, आणि एकाच नावाचे दोघं गेले की मोठा आणि धाकटा. गावातल्या कुणाला यात घोळ होणार नाही. आम्ही गोखिवऱ्याचे शहाणे, पाटी वाचून खूश झालो.

चौदा बुलेट त्या गल्लीत वळवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. एकेक हाताने ढकलायची, मागे घ्यायची, परत ढकलायची. मी सगळ्यांवर ओरडत होतो. सावंतला तर नको ते बोललो. शीतलने जागा करायला तिची गाडी घराच्या बाजूच्या अंगणात घातली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. ज्या आवाजात मारली तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

घरामागे विहिरीजवळ पंप चालू होता. पाण्याच्या सिमेंटच्या पाटात एक म्हातारा आडवा पडला होता. पांढरा शर्ट, काळी पँट, पॉलिश केलेले बूट. मयताला जायची तयारी करून, निघायच्या आधी पंप बंद करायला आला असणार. डोक्याला खोक, एक पाय भलत्याच दिशेला, आणि अंगावरून पाणी वाहतंय... सकाळपासून. घरात एकटाच राहणारा माणूस. शेजारीपाजारी सगळे मोठ्या मिलिटरीच्या घरी, आणि तिथे प्रत्येकाला वाटत असणार, येईलच आता. शीतलने मानेला बोटं लावली.

"जिवंत आहे. पण फार वेळ नाही."

ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, चाळीस मिनिटं. ग्लोरियाचा फोन खिशात थरथरत होता. मी उचलला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता. आजच पडायचं होतं? मी शब्द दिला होता हो. एक बाई जेवत नव्हती त्या शब्दावर.

शेजारच्या अंगणात भाजीचा टेम्पो उभा होता, किल्ली आतच. कुणाचा, काय, विचारायला माणूस नव्हता. ओट्यावरचं लाकडी बाकडं आणलं, त्यावर त्याला बांधलं आणि टेम्पोत ठेवलं. शीतल त्याच्याजवळ बसली. सावंतने टेम्पो काढला. आणि आम्ही पुढे-मागे लागलो... दोन-दोनच्या रांगेत, हेडलाइट लावून. फक्त या वेळी हॉर्न दाबूनच धरले होते.

फाट्यावर आलो आणि समोरून मयत आलं. पुढे क्रूस घेतलेला माणूस, मागे फादर, मग फुलांनी झाकलेली शववाहिका आणि चालत येणारं अख्खं गाव. ग्लोरिया पुढेच होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आम्ही पोचलो एकदाचे.

आम्ही तिच्या वडिलांच्या मयताला आडवे गेलो. हॉर्न वाजवत, गर्दी बाजूला सारत, चर्चच्या उलट दिशेने. मी एक सेकंद थांबून हात जोडले, काहीतरी बोललोही, पण आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. कुणीतरी शिवी दिली. ती बरोबरच होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर संपलं होतं. धाकटे मिलिटरी वाचले. आज वॉकर घेऊन चालतात. त्या दिवसातलं त्यांना पंपापर्यंत जाणं आठवतं, पुढचं काही नाही.

संध्याकाळी सहाला मी आणि शीतल मोठ्या मिलिटरीच्या घरी गेलो. माफी मागायला. धाकट्याची बातमी तोवर गावभर झाली होती, ग्लोरियाने दारातच माझे हात धरले. आत तिच्या वडिलांचा फोटो ठेवला होता. फाट्यावरचा चेहरा तोच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी हेल्मेटच्या काचेतून दोन-तीन सेकंद पाहिलं होतं. शीतलला विचाराल तर ती शपथेवर सांगते. आणि घरच्यांनी फाट्यावर कुणाला उभं केलं नव्हतं, असं ग्लोरियाचं म्हणणं. सगळे घरीच होते.

ग्लोरियाची मम्मी, म्हणजे आंटी, कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं... म्हातारा, त्याचा हात, पाटी, पंप. म्हटलं, आंटी, त्यांची शेवटची एकच इच्छा होती आणि ती माझ्यामुळे राहिली. वडिलांच्या वेळी रडलो नव्हतो, तेही तिथेच रडलो बहुतेक.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ग्लोरियाकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. ग्लोरिया एकदम रडायला लागली. मी विचारलं, काय म्हणाल्या? आंटीच माझ्याकडे वळून बोलल्या.

"सकाळपासून पेटीजवळ बसून मी हेच सांगते, हा इथे नाय. चेहरा त्याचा हाय, पण तो नाय. कोन ऐकतच नाय. डोकं फिरलं म्हनले माझं."

शीतलने माझा खांदा घट्ट धरला.

कॅमेऱ्याचं फुटेज मी नंतर किती वेळा पाहिलं ते मोजलेलं नाही. फाटा येतो. विजेचा खांब, केळी, रिकामा रस्ता. माझा ग्लोव्ह घातलेला हात वर येतो, 'थँक यू, साहेब' असा माझा आवाज येतो आणि गाडी डावीकडे वळते. त्या फाट्यावर कुणीही नाही. कॅमेरा तपासून घेतला, चांगला आहे. ज्या माणसाने आयुष्यभर मापात न बसणाऱ्या वस्तू रिजेक्ट केल्या, त्याने या फुटेजवर काय शेरा मारायचा? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी मनापासून ऐकेन.

त्या संध्याकाळी निघताना मी आंटींना विचारलं, आता आम्ही काय करू? त्या उठल्या, बाहेर ओट्यापर्यंत आल्या आणि अंगणातल्या आमच्या दोन गाड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"आता चर्चच्या सिमिट्रीत जावा, कबरीवर," त्या म्हणाल्या. "आता पोचला असंल तो."