मलकापूर व्हिसावर नव्हतं

खालाला दुसऱ्याच्या घरी आलेला पाहुणा बघवत नसे. मी लग्न होऊन मलकापुरात आले, तेव्हा ती आमच्या समोर राहायची. नवरा कापूस पिंजायचा, ती गाद्या-रजया शिवायची. माझी आई चार दिवस राहायला आली, की खाला दारातूनच विचारी, "काऊन व दुल्हन, अजून गेली नाई तुही माय?" मग आई असेपर्यंत माझ्याशी अबोला. मात्र आई निघायच्या दिवशी मऊ कापसाची एक उशी तिच्या हातात देऊन तडक घरात निघून जाई.

तिची स्वतःची अम्मी कराचीला होती. फाळणीनंतर थोरला भाऊ तिकडे गेला आणि अम्मीला सोबत घेऊन गेला. धाकटा मेहकरलाच राहिला. त्याच्या बायकोला खाला नावानं कधी हाक मारत नसे, 'मेहकरवाली' म्हणायची. कराचीला जायच्या आधी अम्मी मेहकरला सुनेजवळच राहिली होती, तेच खालाला सलत होतं. "माही माय, अन् लाड तिचे," असं ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची.

अम्मीला व्हिसा मिळाल्याचं कळलं, तेव्हा खालानं घराला चुना लावला, नवी रजई शिवायला घेतली आणि गल्लीभर सांगत सुटली, "आता पाहा, माह्या घरी कोण येते ते." आठवडाभरानं धाकटा भाऊ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आपा, व्हिसावर मेहकरच लिहून आलं. मलकापूर नाई."

थोरल्या भावाला वाटलं होतं, मेहकर काय नि मलकापूर काय, एकाच जिल्ह्यात तर आहे. त्यानं एकच गाव लिहून दिलं. खालाचा विश्वास बसला नाही. "त्याले मेहकरवालीनंच पढवलं असन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिनं बुलढाण्याची पोलीस कचेरी गाठली.

तिथल्या कारकुनानं शांतपणे समजावलं. परदेशी माणसानं व्हिसावर लिहिलेल्या गावीच राहायचं, पोचल्यावर ठाण्यात हजेरी द्यायची. आणखी एखाद्या गावी जायचं तर आधी परवानगी हवी, आणि ती येईपर्यंत व्हिसाची मुदत संपूनही जाईल.

"साहेब, इथंच जन्मली ते. परदेशी कशी झाली?"

"कागदावर झाली, बाई. तुम्ही मात्र इथल्या आहात. तुम्ही जा की मेहकरला."

खाला उठली. बाहेर येऊन मला म्हणाली, "तिच्या चुलीवरची भाकर खायले? मी नाई जात."

पण आगबोटीनं मुंबईला आलेली अम्मी पुढे रेल्वेनं मलकापूरलाच उतरणार होती. तिथून मेहकरची एसटी. खालानं डबा बांधला, नवी रजई काखेत घेतली आणि मला ओढत स्टेशनवर नेलं. धाकटा भाऊ आणि त्याची बायको आधीच आलेले. म्हातारी उतरली आणि पहिला हात मेहकरवालीनं धरला. खालाचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे पाहिलं.

एसटी स्टँडवर रजई अंथरून खालानं अम्मीला स्वतःच्या हातानं जेवू घातलं. "घर हे काय, मागंच आहे," ती हळूच म्हणाली. "पाणी पिऊन वापस येऊ."

अम्मी घाबरली. "नको बेटी. मेहकरलाच राहा म्हणून लिहून देल्लं आहे. मले वापस धाडलं तं?"

गाडी लागली. मेहकरवाली अम्मीच्या शेजारी बसायला निघाली, तशी खाला तिला बाजूला सारून आत चढली आणि अम्मीच्या शेजारी बसली. अंगावरच्या लुगड्यानिशी. खिडकीतून मला म्हणाली, "दुल्हन, माह्या घरी सांग. मी जाऊन राह्यली."

व्हिसा संपेपर्यंत ती मेहकरला राहिली. अम्मीच्या केसांना तेल कोणी लावायचं, तिच्या खाटेशेजारी कोणी झोपायचं, यावर रोज भांडणं. "पण भाकर चांगली करते व ते," परत आल्यावर खाला एवढंच बोलली, तेही नाइलाजानं.

पुढे लढाई झाली. व्हिसे बंद झाले, येणं-जाणं संपलं. काही वर्षांनी अम्मी गेल्याचा निरोप मेहकरहून आला, तेव्हा खाला मला घेऊन निघाली. मेहकरवाली ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. खाला तिच्याशेजारी जाऊन बसली.

मग तिनं विचारलं, "अम्मीले शेवटची आंघोळ कोणं घातली?"

"कराचीवाल्या भाबीनं."

खालाचा चेहरा पुन्हा स्टेशनवरच्यासारखा झाला. पण या वेळी मेहकरवालीचाही तसाच होता.

"तिले का माहीत," खाला म्हणाली, "अम्मीले पाणी कसं लागते ते."

"कोमट," मेहकरवाली म्हणाली.

"हाव व. कोमट."