जी बाई बोललीच नव्हती

शालीकराम तिरोड्याकडचा. घरची धानाची बांधी, म्हणजे भातशेती, थोरला भाऊ बकाराम पाहत असे. चार बुकं शिकलेला शालीकराम गोंदियाला आला आणि केशोराव वकिलांच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं तो आपण पाटीवरची वाचावी तशी सरळ वाचायचा. केशोरावांचं ‘लोकडंका’ हे साप्ताहिक छापून बाहेर पडायच्या आधी त्यातला काना अन् काना त्याच्या बोटांखालून गेलेला असे.

केशोरावांवर त्याची श्रद्धा होती. ते खादी नेसत आणि सहा महिने तुरुंगात राहून आले होते. कामगारांना ते अरेतुरे करत नसत.

सन १९३६ च्या पावसाळ्यात, जिल्हा कौन्सिलची निवडणूक तोंडावर असताना, त्याच्या हाती एक मजकूर आला. मथळा होता, ‘गोऱ्या डॉक्टरची मग्रुरी’. नवेगाव बांधच्या महारवाड्यातली रुख्मा ही बाई हाताला जखम घेऊन गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेली, तेव्हा पार्कर डॉक्टरनं ‘काळ्या माणसाला मी शिवत नाही’ असं म्हणून तिला लाथेनं पायरीखाली लोटलं, असं त्यात लिहिलं होतं.

शालीकरामचा हात थांबला. पंधरवड्यापूर्वी तो बायकोला, सुशिलाबाईला, ताप आला म्हणून तिला घेऊन त्याच दवाखान्यात गेला होता. पार्करनं तिची नाडी स्वतः पाहिली होती. तो रंगानं गव्हाळ होता, त्याची आई जबलपूरकडची होती असं लोक म्हणत. माणूस तापट होता, सगळ्यांवरच ओरडायचा. पण लाथ?

तो मजकूर घेऊन केशोरावांकडे गेला आणि हे कोणी पाहिलं असं त्यानं विचारलं. चार जणांनी पाहिलं, असं केशोराव म्हणाले. ते चौघं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, “शालीकराम, गोऱ्यांनी आपल्या माणसांना लाथा मारल्यात की नाही?”

“मारल्यात जी.”

“मग हीच तेवढी खोटी कशी असेल?”

शालीकराम खिळ्यांच्या खणांपाशी परत गेला. त्यानं मजकूर जुळवला. त्या आठवड्याचा अंक हातोहात गेला.

पुढल्या रविवारी बाजारात सभा झाली. रुख्मा गोंदियाला बहिणीकडेच थांबली होती, तिला आणून मंचावर उभं केलं. हाताला पट्टी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिच्या वतीनं केशोराव तासभर बोलले, आणि माणसामाणसांत भेद करणाऱ्यांना या देशात जागा नाही म्हणाले, तेव्हा शालीकरामनंही टाळ्या वाजवल्या.

सभेनंतर कार्यकर्त्यांचं जेवण केशोरावांच्या घरी होतं. उरलेली पत्रकं परत द्यायला शालीकराम तिथं गेला. ओसरीवर पंगत बसली होती. रुख्मा गुरांच्या कोठ्यापाशी, बैलांच्या मागल्या अंगाला बसली होती. तिच्या पत्रावळीवर भात वरून टाकला गेला, पाणी वरून ओंजळीत ओतलं गेलं. ती उठून गेल्यावर केशोरावांच्या आईनं त्या जागेवर शेणपाणी शिंपडलं. केशोरावांनी ते पाहिलं आणि शेजाऱ्याशी मतदारयादीचं बोलणं पुढं चालू ठेवलं.

त्या दिवसापासून शालीकरामचं चित्त ठिकाणावर राहिना. खिळे चुकीच्या खणात पडू लागले. जेवताना तो मध्येच उठायचा, रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. सुशिलाबाई म्हणाली, “कायले असे फिरून राहिलात? जाऊन त्या बाईलेच इचारा ना.”

तोपर्यंत रुख्मा गावी परतली होती. तो नागभीडच्या छोट्या गाडीनं निघाला, मधल्या स्टेशनावर उतरला आणि पुढं नवेगावपर्यंत पायी गेला. रुख्मा तलावाच्या पाळीवर गवत कापत होती, डाव्या हातानं. शालीकरामनं आपण छापखान्यातला माणूस असल्याचं सांगून त्या दिवशी काय झालं ते विचारलं.

तिनं सांगितलं. भाताच्या रोवणीत हातात बांबूची शिलक, म्हणजे टोकदार चीप, घुसली आणि हात सुजला. दवाखान्यात चपराशानं तिला सगळ्यांपासून वेगळं, मागच्या छपरीत बसवलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आला आणि ओरडला.

“कोणावर आरडला?”

“इंग्रजीत आरडला. माह्यावर आरडला का चपराशावर, मले का मालूम.”

“लाथ मारली?”

“नाही जी. मी पायरीवरून घसरली होती, चिखल होता. मंग त्यानंच हात धरला, चिरा देला, पट्टी बांधली.”

“मग सभेत काऊन नाही सांगितलं?”

“मले कोणी इचारलंच नाही.”

शालीकराम परत आला तो थेट केशोरावांच्या बैठकीत. बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत छापावं, एवढंच त्यानं मागितलं. केशोरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. निवडणूक झाल्यावर पाहू, म्हणाले. आत्ता छापलं तर ईश्वरदासचा फायदा होईल.

ईश्वरदास हे मालगुजार, मोठे जमीनदार, केशोरावांच्या विरुद्ध उभे राहिलेले. त्यांचंही एक साप्ताहिक होतं, ‘हितरक्षक’. साहेबलोकांची तारीफ आणि खादीवाल्यांची निंदा, याखेरीज त्यात फारसं काही नसे. शालीकरामनं दोन दिवस तळमळत काढले आणि तिसऱ्या दिवशी तो ईश्वरदासांच्या वाड्यावर गेला. खरं काय ते कुठंतरी छापलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. ईश्वरदासांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं लिहून घेतलं.

अंक आला. लाथ मारली नाही, हे त्यात होतं. पण पुढं असंही होतं, की रुख्मा त्या दिवशी दारू पिऊन आली होती, आणि एका लुगड्याच्या मोबदल्यात तिनं हे कुभांड रचू दिलं. डॉक्टर तर देवमाणूसच ठरला होता. केशोरावांच्या घरी रुख्माला कोठ्यापाशी वेगळं बसवल्याची हकीकतही तिखटमीठ लावून आली होती. ज्यांनी ती छापली, त्या ईश्वरदासांच्या गावी रुख्माच्या लोकांना तलावाच्या घाटावर पाय ठेवायची बंदी होती.

अंक घेऊन शालीकराम पुन्हा नवेगावला गेला. रुख्मा दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. गावात तो अंक आधीच पोचला होता, आणि तिला शेतावर कामाला कोणी बोलावत नव्हतं.

“हे तू लिवलास का, भाऊ?”

“मी लिहिलं नाही. मी फक्त तुझं बोलणं सांगितलं.”

“त्यायनं लाथ मारली म्हून लिवलं, यायनं दारू पेली म्हून लिवलं. तू तरी मले इचारलं होतं का, सांगू का म्हून?”

त्यानं विचारलं नव्हतं. काय झालं हे विचारलं होतं, सांगू का हे विचारलं नव्हतं.

परत आल्यावर त्यानं छापखाना सोडला. केशोरावांनी अडवलं नाही, फक्त गद्दार म्हणाले. दवाखान्याची चौकशी झाली. लाथ मारली हे सिद्ध झालं नाही, मारली नाही हेही झालं नाही. पार्करची बदली झाली आणि पुढचे सात महिने दवाखाना एकट्या कंपाउंडरवर चालला. तापाच्या दिवसांत लोक पायरीवर बसून परत जात. ‘लोकडंका’नं त्याबद्दल अवाक्षर छापलं नाही. केशोराव निवडून आले.

शालीकराम तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसू लागला. त्यानं रुख्माला आणि तिच्या नवऱ्याला भावाच्या बांधीत कापणीचं काम मिळवून दिलं. पहिल्या वर्षी बकारामनं तिच्यासाठी वेगळं मडकं ठेवलं. शालीकरामनं ते पाहिलं आणि तो गप्प राहिला. ते गप्प राहणं केशोरावांच्या गप्प राहण्यापेक्षा वेगळं कसं, हे तो वर्षभर स्वतःला विचारत राहिला. दुसऱ्या वर्षी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिच्या शेजारी बसला आणि तिच्याच मडक्यातलं पाणी प्याला. रुख्मानं मडकं पुन्हा झाकून ठेवलं. भाऊ महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात गोंदियात मोठी सभा भरली. केशोराव आता म्हातारे आणि मानाचे झाले होते. भाषणात त्यांनी ती लाथेची गोष्ट सांगितली, एखादा पोवाडा सांगावा तशी. आता डॉक्टरच्या हातात चाबूकही आला होता.

शालीकराम उठून उभा राहिला. त्यानं विचारलं, “वकीलसाहेब, त्या बाईचं नाव काय होतं?”

केशोराव हसून म्हणाले, “नावाचं काय, शालीकराम? त्या दिवशी सारा देश त्या पायरीवर होता.”

टाळ्या पडल्या. मागच्यानं शालीकरामचं धोतर ओढून त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. “रुख्मा,” तो म्हणाला, पण बँड सुरू झाला होता. तो गर्दीतून बाहेर पडला आणि घरी न जाता रेल्वेच्या फाटकाकडे चालू लागला.